न्यूट्रलमधली हानिम

जगाचा इतिहास ज्यांनी घडवला, त्यांनी आयुष्यात कधी हँडब्रेक लावला नाही, असं माझं ठाम मत आहे. मीही लावत नाही. माझ्या बाबतीत कारण एवढंच, की अलेक्झांड्रियात आमच्या गल्लीत हँडब्रेक लावून जो गाडी सोडून जातो, त्याच्या वाडवडिलांचा उद्धार पार गच्चीपर्यंत ऐकू येतो.

आमच्या वस्तीचं नाव क्लिओपात्रा. नाव राणीचं असलं तरी नळाचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या वर चढत नाही, आणि गल्ली इतकी अरुंद, की राणीची पालखीसुद्धा तिरकी करून न्यावी लागली असती. अशा गल्लीत गाड्या दोन रांगांत उभ्या असतात. पहिली रांग फुटपाथला चिकटून आणि दुसरी पहिलीच्या पोटाला पोट लावून. दुसऱ्या रांगेतल्यानं चाकं सरळ ठेवायची, गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि हँडब्रेक मोकळा सोडायचा, हा आमचा गल्लीधर्म. आतल्याला बाहेर पडायचं असलं की तो बाहेरचीला ढकलतो आणि निघून जातो. कोणी कोणाला विचारत नाही. विचारलंच, तर वरच्या खिडकीतून न बघता उत्तर येतं, "न्यूट्रलमध्येच आहे, ढकल."

हे ढकलण्याचं काम खरं तर बयूमीचं. बयूमी आमच्या गल्लीचा साईस. घोडे गेले, बग्ग्या गेल्या, साईस मात्र राहिला; आता तो मोटारींना हाकारतो. सकाळी साऱ्या गल्लीला कामावर जायची घाई असते, नेमका त्या वेळी बयूमी चहाला जातो, आणि त्याचा चहा दुपारच्या नमाजाच्या सुमाराला संपतो. त्यामुळे बंदराच्या कचेरीत नोकरीला होतो तेव्हापासून रोज सकाळी मी माझ्या हातांनी, म्हणजे खरं तर कमरेनं, लोकांच्या गाड्या ढकलत आलोय. कोणत्या गाडीला कुठे रेटा द्यायचा, हे मला कळतं. त्याचा मला कधी अभिमान वाटला नव्हता. आपण श्वास घेतो त्याचा कोणी अभिमान बाळगतं का?

हानिम ही आमची गाडी. हानिम म्हणजे बाईसाहेब. कंपनीचं नाव तिच्या अंगावरून कधीच गळून पडलंय, तेव्हा मीही घेत नाही. माझी बायको इन्शिराह तिला सवत म्हणते. "मी आजारी पडले तर ताकाचा सल्ला, आणि सवत खोकली की लगेच उस्ता गिरगिस," असं तिचं म्हणणं. उस्ता गिरगिस हा आमचा मेकॅनिक. हानिमचा खोकला त्यानं बरा केला नाही, पण तो कोणत्या जातीचा आहे हे दर वेळी समजावून सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या बिल्डिंगसमोर एक जुनं वडासारखं झाड आहे. साऱ्या गल्लीत सावली तेवढीच. त्या झाडाखालची, पहिल्या रांगेतली जागा हानिमची होती. कागदोपत्री नव्हे, पण सूर्य पूर्वेला उगवतो हेही कागदोपत्री नाही. एका वर्षी आम्ही मेव्हणीच्या लग्नाला तांता गावी गेलो आणि परत येतो तो झाडाखाली एक चंदेरी, लांबलचक, परदेशी गाडी निवांत पहुडलेली. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर नबहान यांनी ती नवी घेतली होती. तिला हँडब्रेक लावलेला होता, गिअर टाकलेला होता, आणि कोणी नुसतं शिंकलं तरी ती भोंगा वाजवून किंचाळायची. हानिम दुसऱ्या रांगेत आली, उन्हात. डॉक्टरांना बाहेर जायचं झालं, की येणारा-जाणारा तिला ढकलायचा. तिच्या पाठीवर साऱ्या वस्तीचे पंजे उमटलेले असायचे. पंजानं दृष्ट लागत नाही म्हणतात, म्हणून इन्शिराहनं ते पुसू दिले नाहीत.

डॉक्टर स्वतः कधी गाडी ढकलत नसत. ते उभे राहून टाळी वाजवीत आणि म्हणत, "बयूमी, तो डबा बाजूला घे."

हा शब्द मी बरीच वर्षं गिळला.

मग शहराच्या उत्सवासाठी मोटार क्लबानं शर्यत जाहीर केली. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरून सुटायचं, ट्रॅमच्या स्टेशनामागच्या गल्ल्यांतून वळसे घेत परत कॉर्निशवर यायचं, अशा फेऱ्या. कोणीही नागरिक आपली रोजची गाडी घेऊन भाग घेऊ शकत होता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं आणि झाडाखाली उभं राहून सगळ्यांना सांगितलं. मी शेजारी उभा राहून, त्यांना जाता यावं म्हणून, माझीच गाडी ढकलत होतो.

"उस्ताद रिफअत, तुम्हीही या की," डॉक्टर म्हणाले. "शर्यतीत शेवटचं कोणीतरी लागतंच."

लोक हसले. बयूमी जास्त हसला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तुमच्या पुढे आलो, तर झाडाखालची जागा सोडाल?"

"सोडली. आणि नाही आलात, तर हा डबा या गल्लीतून कायमचा काढायचा. ट्रॅमच्या यार्डामागे लावा नेऊन. कबूल?"

वरच्या खिडक्यांतून साऱ्या बायका ऐकत होत्या. अशा वेळी पुरुषमाणूस जे म्हणतो, तेच मी म्हणालो. वर गेल्यावर इन्शिराहनं जेवण वाढलं. वाढता वाढता म्हणाली, "यार्डामागे कुत्री फार आहेत. रात्री तिला एकटीला झोप यायची नाही." तेव्हा मला कळलं, की सवतीवर जीव जडायलाही काही वर्षं लागत असावीत.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. माणसाला मूल झालं, घर बांधायला काढलं किंवा पोट बिघडलं की सल्ले येतात हे मला ठाऊक होतं. शर्यत या तिन्हींच्या बेरजेहून भारी निघाली. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, वजन कमी करा. माझं की गाडीचं हे त्यानं सांगितलं नाही. मी गाडीपासून सुरुवात केली. मागचं आसन उपटून वर दिवाणखान्यात नेऊन ठेवलं. त्यावर पाहुणे बसू लागले आणि जुन्या कोचाकडे कोणी फिरकेना. चौथ्या मजल्यावरच्या मादाम तहानींनी गाडीभोवती धूप फिरवला. तो इतका मनापासून, की शेजारच्यांना वाटलं हानिम पेटली, आणि त्यांनी वरून बादलीभर पाणी ओतलं. आमच्या मजल्यावर पाणी चढत नाही, पण ओतायला मात्र नेहमी असतं.

उस्ता गिरगिसनं बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे पाहिलं.

"इंजिन चांगलंय, उस्ताद. फक्त थकलंय."

"पळेल का?"

"पळेल. पण तुम्ही तिला घाई करू नका."

"उस्ता, शर्यत आहे."

"तेच सांगतोय. शर्यतीत घाई केली की बिघाड होतात."

हीटर बंद होत नव्हता. तो उन्हाळ्यातही पूर्ण तापलेला असे. उजवं दार डाव्या वळणावर आपोआप उघडे. गिरगिसनं ते दोरीनं बांधलं आणि म्हणाला, "आता हे कुठल्याच वळणावर उघडणार नाही." ते खरं निघालं. पुढे ते कधीच उघडलं नाही.

मग क्लब. तिथे काचेमागे एक बाई बसल्या होत्या. त्यांना गाडीचं सुस्थितीचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्यावर गरुडाचा शिक्का. आमच्या देशात ज्या कागदावर गरुड बसत नाही, तो कागद जन्मलाच नाही असं समजतात. वाहतूक खात्यात गेलो, तर गरुडवाले साहेब भाचीच्या साखरपुड्याला गेलेले. दुसऱ्या दिवशी ते होते, पण कपाटाची किल्ली तिसऱ्याकडे. तिसऱ्या खेपेला साहेब, किल्ली, गरुड, सगळे एका खोलीत भेटले. साहेबांनी खिडकीतून हानिमकडे पाहिलं.

"ही चालते?"

"इथवर चालतच आली."

"मग सुस्थितीत आहे," असं म्हणून त्यांनी गरुड उतरवला. मला त्या माणसाबद्दल आजही आदर आहे.

राहिलं हेल्मेट. ते आमच्या वस्तीत एकाकडेच होतं. कोपऱ्यावरच्या भाजलेल्या कोंबड्यांच्या दुकानातून स्कूटरवर घरपोच माल नेणाऱ्याकडे. पिवळंजर्द, वर लाल तुऱ्याची हसरी कोंबडी. डोकं आत घातलं की लसणाचा वास असा यायचा, की शर्यतीपेक्षा जेवणाची आठवण व्हावी. इन्शिराहनं दृष्ट लागू नये म्हणून वर निळा मणी चिकटवला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. हसली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यावर केलेला हा सर्वांत मोठा उपकार.

शर्यतीच्या दिवशी कॉर्निशवर अख्खं शहर लोटलं होतं. माझ्या पुढे चंदेरी, काळ्या, तांबड्या, जमिनीला पोट घासणाऱ्या गाड्या. मी सगळ्यांत मागे. शर्यत सुरू करणारे एक निवृत्त सेनापती होते. त्यांनी झेंडा खाली केला. सगळ्या गेल्या. हानिम विचारात पडली. मग माझ्या आणि तिच्या नात्याला जागून तीही निघाली.

पहिल्या वळणापासून लोकांना नवं दैवत सापडलं. "कोंबडी आली रे!" असा पुकारा माझ्याआधी पुढे पळायचा. हीटरमुळे मी आतून शिजत होतो, तेव्हा नाव अगदीच खोटं नव्हतं. एका फेरीत कोणी खिडकीतून पावाचा तुकडा दिला, पुढच्या फेरीत कोणी त्यावर लोणचं. इतक्या हळू जाणाऱ्या शर्यतवाल्याशी माणसांचं नातं जुळतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बयूमी उभा होता आणि सवयीनं प्रत्येक गाडीला हात करत होता: "ये, ये, ये, डावीकडे कट मार, अजून ये, बस्स!" पोटासाठी आयुष्यभर हेच केलेलं. एक तांबडी गाडी त्याच्या हाताला भुलून खरंच फुटपाथला जाऊन लागली. सवय दोघांचीही. तो चालक भानावर आला तेव्हा बयूमी बक्षिशीसाठी हात पुढे करून उभा होता.

पण शेवटी शेवटचाच मी. आणखी एखादी फेरी असती, तर पहिल्यानं मला मागून येऊन गाठलं असतं. शेवटच्या फेरीला मी स्टेशनामागच्या गल्लीकडे वळलो, तेव्हा ट्रॅम यार्डाची भिंत दिसली. भिंतीच्या सावलीत कुत्री झोपली होती. मी हानिमला म्हटलं, "बाई, माफ कर." तिनं एकदा खोकून घेतलं.

वळलो, आणि ब्रेक दाबला.

अख्खी शर्यत गल्लीत उभी होती. पहिल्या काळ्या गाडीला दुसरीनं मागून धक्का दिला होता, ती आडवी झाली होती, मागच्या तिच्यावर येऊन थांबल्या होत्या. फार नव्हे, पत्र्याला पोचे. गाड्या सुरू करून पुढे जाता आलं असतं. पण आमच्या शहरात गाडीला गाडी लागली की पुढे जात नाहीत. आधी उतरतात. उतरून, चूक कोणाची हे ठरवतात. ते ठरल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे चूक आपली असं कबूल करणं. तेव्हा सगळे चालक, डोक्यावर हेल्मेट, अंगात चकचकीत पोशाख, रस्त्याच्या मध्ये उभे राहून भांडत होते. भोवती पंच म्हणून आजूबाजूचे दुकानदार जमले होते. पिवळा झेंडा धरलेला स्वयंसेवक, झेंडा काखेत मारून, "दोघांचंही थोडं थोडं चुकलंय" असं समजावत होता. मध्यभागी डॉक्टर नबहान. त्यांची गाडी फुटपाथला नाक लावून उभी होती.

"तुम्ही आरसा बघत नाही का?" डॉक्टर ओरडत होते.

"आरसा बघू की रस्ता बघू? तुम्ही दातांचे डॉक्टर ना? मग पुढच्याच्या दाढेत कशाला शिरता?" काळ्या गाडीवाला उलटला.

मी थोडा वेळ ऐकलं. बाजू दोन्हीकडे होती. मग माझ्या लक्षात आलं, की मी रोज सकाळी ज्या दृश्यासमोर उभा राहतो तेच हे. गल्ली, आडव्या गाड्या, मालक वादात, साईस चहाला.

मी उतरलो. आडव्या काळ्या गाडीच्या मालकाला मागून हटकलं, "भाऊ, जरा हलवू का?"

त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. एक बोट डॉक्टरांच्या छातीवर रोखून, दुसऱ्या हातानं मला वाट दाखवत म्हणाला, "न्यूट्रलमध्येच आहे, ढकल."

शर्यत चालू असताना, भर भांडणात उतरतानाही त्यानं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती आणि हँडब्रेक मोकळा सोडला होता. संस्कार म्हणतात ते हे. मी कंबर लावली. ती लोण्यासारखी सरकली. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळीकडून तेच उत्तर. बघ्यांतले दोघे हात लावायला धावले, पण झेंडेवाला त्यांच्यावर खेकसला, "लांब व्हा. बाहेरच्यानं हात लावला तर कोंबडी बाद होईल." म्हणून मी एकटाच ढकलत राहिलो, आणि ढकलता ढकलता, सवयीनं, दोन सरळ रांगा लावल्या. पहिली फुटपाथला, दुसरी तिच्या पोटाशी.

डॉक्टरांच्या गाडीपाशी आलो तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. "रिफअत, माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

"नाही लावत, डॉक्टरसाहेब," मी म्हणालो. तिला हँडब्रेक होता, गिअर होता. ती हललीही नसती. मी तिच्या मागे काळी गाडी नीट उभी केली, आम्ही सगळे करतो तशी, आणि हानिममध्ये जाऊन बसलो. मधे राहिलेल्या वाटेतून आरसे असलेली कुठलीही गाडी गेली नसती. हानिमचे आरसे फार पूर्वीच कोणीतरी नेले होते. आज मी त्याला मनोमन दुवा दिला.

कॉर्निशवर वळलो तेव्हा समुद्र सगळा माझा होता. मागून भोंग्यांचा कल्लोळ ऐकू आला. पुढे हकिकत कळली ती अशी: त्यांना भान आलं, ते पळत आपापल्या गाड्यांत बसले, पण आतल्यांना बाहेर पडायला बाहेरच्या हलायला हव्या होत्या, आणि बाहेरच्यांच्या तोंडाशी आता दुकानदारांची गर्दी निवाडा ऐकायला उभी होती. डॉक्टर सगळ्यांत आत. ते खाली उतरून काळ्या गाडीसमोर उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. कोणी आलं नाही.

शेवटच्या रेषेपाशी सेनापती झेंडा घेऊन उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि हातानं बाजूला व्हायची खूण केली. "बाबा, गाडी बाजूला घ्या. रस्ता बंद आहे. शर्यत येतेय."

मी काच खाली केली. "साहेब, मीच शर्यत आहे."

त्यांनी माझ्या डोक्यावरच्या कोंबडीकडे पाहिलं, मग मागच्या मोकळ्या रस्त्याकडे. बराच वेळ कोणी दिसलं नाही. मग त्यांनी टाचा जुळवल्या आणि झेंडा असा खाली आणला, की जणू समोरून राजाची स्वारी चाललीय. आयुष्यात मला बढती मिळाली, मुलींची लग्नं झाली, पण तो झेंडा खाली येतानाचा वारा मला अजून गालावर लागतो.

डॉक्टरांनी तक्रार केलीच. दुसऱ्यांच्या गाड्यांना हात लावला म्हणून. सेनापतींनी काळ्या गाडीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "त्यांनी विचारलं, मी हो म्हणालो. माणूस गाडी हलवू का म्हणतो, तेव्हा दुसरं काय म्हणतात?" सेनापतींनी नियम उलटसुलट चाळले. एका गाडीनं दुसरीला ठोकू नये, असं होतं. एका माणसानं कमरेनं ढकलू नये, असं कुठेच नव्हतं. "याला धक्का देणं म्हणत नाहीत," ते म्हणाले, "याला शेजारधर्म म्हणतात." आणि चषक माझ्या हातात ठेवला. चषक थोडा गळका निघाला, पण तो नंतरचा भाग.

वस्तीत आलो तो वरातीसारखा. पुढेमागे भोंगे, गच्च्यांवरून बायकांचा उलुलुलु असा आनंदाचा सूर, औषधवाल्यानं वाटलेलं लाल सरबत. "वजन कमी करा, मीच सांगितलं होतं," असं तो प्रत्येक पेल्याबरोबर सांगत होता. झाडाखालची जागा रिकामी होती. डॉक्टर शब्दाला पक्के निघाले. मी हानिमला सावलीत उभी केली, पहिल्या रांगेत, फुटपाथला लावून. साऱ्या गल्लीदेखत खाली वाकलो आणि हँडब्रेक ओढला. कधी न वापरल्यामुळे तो दोन्ही हातांनी ओढावा लागला, आणि तो असा करकरला, की उस्ता गिरगिसनं डोळे मिटले. आता तिला कोणी ढकलणार नव्हतं. इन्शिराह पदरानं, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं, तिच्या पाठीवरचे पंजे पुसत होती.

वर दिवाणखान्यात पाहुणे हानिमच्या आसनावर दाटीनं बसले होते. चषक मध्ये ठेवला होता. मी तिसऱ्यांदा ती गल्ली, ती भांडणं, तो झेंडा सांगत होतो. सेनापतींच्या टाचा जुळल्या, तेवढ्यात खालून बयूमीची हाक आली.

"उस्ताद रिफअत!"

मी सज्जात गेलो. खाली अर्धी गल्ली वर बघत होती. मी हात वर करून सलाम घेतला.

"तसं नाही," बयूमी म्हणाला. "डॉक्टरसाहेबांची गाडी आत घ्यायचीय, हातभर जागा कमी पडतेय. हानिमला जरा मागे सरकवतो. ते बघा, ढकलायला उभेच आहेत."

झाडाखाली डॉक्टर नबहान उभे होते. बाह्या वर सारलेल्या, दोन्ही तळवे हानिमच्या नुकत्याच पुसलेल्या पाठीवर टेकवलेले. ते कंबर लावायच्या ऐवजी नुसत्या हातांनीच रेटत होते, म्हणजे पहिलीच वेळ. त्यांनी मान वर केली आणि जरा घुटमळून म्हणाले,

"उस्ताद, तेवढा हँडब्रेक काढून देता का?"